दत्ताजी सुर्व्यांचा उठावना

देवासात दत्ताजी सुर्व्यांचं तोंड ओळखणारी माणसं थोडी. पण त्यांचा आवाज न ओळखणारं एक तरी घर दाखवा, म्हणाल ते हरायला तयार! सत्तावीस वर्षं गावात कोण गेलं हे गावाला याच माणसाने सांगितलं. पणजोबा देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या पागेत घोडे सांभाळायचे, दत्ताजी केबलचं चॅनल सांभाळायचे. माताजीच्या टेकडीखाली, चपलांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत ते चॅनल चालायचं. त्यातल्या आतल्या खोलीत खुर्ची टाकून दत्ताजी बसलेले असायचे.

काम काय, तर दुसऱ्यांनी बनवलेले कार्यक्रम वेळेवर लावायचे. देवासात थोडेच कार्यक्रम बनतात! एक कंपनी ते बनवून पन्नास-साठ गावांच्या चॅनलांना पुरवायची. त्यातला सगळ्यात चालणारा म्हणजे नर्मदेच्या घाटाघाटांच्या कथा, अर्ध्या तासाच्या, सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. कंपनी मध्ये दीड-दीड मिनिटाच्या चार जागा रिकाम्या सोडायची. त्यांना चॅनलमधले लोक खिडक्या म्हणत. खिडकीत ज्याने त्याने आपल्या गावाचं भरायचं: साड्यांचा सेल, कोचिंग क्लास, आणि उठावना. उठावना म्हणजे आपल्या माळव्यातली तिसऱ्या दिवसाची शोकबैठक. घरचं कुणी गेलं की लोक फोटो आणि पत्ता घेऊन आधी चॅनलकडे धावतात, मग लाकडाच्या वखारीकडे, असं दत्ताजीच म्हणायचे.

सुरुवातीला कॅसेट यायची, इंदूरहून बसने. देवासला दाखवून झाली की दत्ताजी ती कंडक्टरच्या हातात द्यायचे आणि ती धारला जायची. देवासात आज जी कथा, ती धारला उद्या. पुढे सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह आले, पण दत्ताजींची रीत काही बदलली नाही. प्रत्येक भाग लावण्याआधी स्वतः अथपासून इतिपर्यंत बघायचा. आणि उठावन्याची सूचना आली की एक फोन त्या घरी करायचा, एक शेजाऱ्याला. दोन तोंडांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय दत्ताजींच्या लेखी माणूस मेलेला नसे. मग ते माइकपुढे बसून सूचना वाचायचे. वाचायचे हिंदीत; पण नाव आलं की क्षणभर थांबायचे, आवंढा गिळायचे, आणि मग नाव घ्यायचे. “एकदा घेतलेलं नाव परत घेता येत नाही हो,” म्हणायचे.

परक्यांच्या नावाची एवढी काळजी करणारा हा माणूस, पण स्वतःच्या घरात एक नाव अकरा वर्षं उच्चारत नव्हता. माधवी. एकुलती एक लेक. चौदा वर्षांपूर्वी बायको इंदू गेली तेव्हा तिची सूचनाही दत्ताजींनीच वाचली होती आणि शेवटी ‘शोकाकुल पुत्री माधवी’ असं म्हटलं होतं. त्यानंतर तीन वर्षांनी माधवीने अजेयशी लग्न ठरवलं. अजेय धारला मास्तर, मूळचा निसरपूरचा, आणि निसरपूर तेव्हा सरदार सरोवराच्या डुबीत जाणार म्हणून नोटिसा लागलेल्या. दत्ताजी म्हणाले, “ज्याचं गाव उद्या पाण्याखाली जाणार, त्याच्या घरी लेक कुठल्या पत्त्यावर पाठवू?” खरी गोष्ट जातीची होती, पत्त्याची नव्हती, पण ते तोंडाने कोण बोलतो! माधवी म्हणाली, “मग नका ठेवू आबा पत्ता.” आणि गेली. लग्नाला दत्ताजी गेले नाहीत. नातीचं बारसं झालं, तरी गेले नाहीत. घरात थोरली बहीण होती, अक्का, बालविधवा, पंचाहत्तरीची. तीसुद्धा भावापुढे ‘धारची’ एवढंच म्हणायची.

रागाला बारा वर्षांचं आयुष्य म्हणतात. दत्ताजींचा राग पाचव्या-सहाव्या वर्षीच ओसरला होता. उरली होती ती नुसती अढी, आणि अढीपोटी भीती. आपण बोलावलं आणि ती आली नाही तर? आपण मेलो आणि तरीही ती आली नाही तर? हे दुसरं त्यांना रात्रंदिवस खायचं. सत्तावीस वर्षं उठावन्याच्या सूचना वाचल्यावर माणूस आपल्या उठावन्याला कोण येईल याचा हिशेब करणारच. अक्काला एकदा बोलूनही गेले, “मी गेल्यावर धारची येईल का गं?” अक्का म्हणाली, “जाऊन बघ की!” आता धारला जाऊन बघ म्हणाली की मरून बघ म्हणाली, देव जाणे. अक्काच्या तोंडाला कोण लागणार?

तर या जानेवारीत पेटी आली.

यशराज, म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा आणि आताचा मालक, पस्तिशीचा, हसतमुख. मराठी बोलायला लागला की तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरायचा. त्याने दत्ताजींना पेटी दाखवली. काळी, बुटाच्या खोक्याएवढी, हिरवा दिवा लुकलुकणारी. “काका, आता टेन्शनच नाही. पहाटे चारला एपिसोड ही स्वतः उतरवून घेते, चेक करते, टाइमवर लावते, खिडक्या पण हीच भरते. आपण फक्त बघायचं. मतलब, बघायचं पण नाही.”

“आणि उठावना?”

“घरवाले मोबाइलवर फॉर्म भरणार. फोटो, नाव, वेळ. बाकी ही करते. तिसऱ्याची सूचना लावली की दहावा, तेरावा, महिना, वर्षश्राद्ध, सगळं आपोआप लागतं.”

“फोन कोण करणार? खात्रीचा?”

“अहो काका, आपल्या घरचं माणूस मेलं असं खोटं कोण सांगेल?”

“आणि वाचणार कोण?”

यशराज हसला. “तुम्हीच! तुमच्या जुन्या सीडी कंपनीला पाठवल्या होत्या ना, त्यातून आवाज बनवलाय त्यांनी. कुठलंही नाव टाका, तुमच्या आवाजात बोलते. अमर हो गए काका!”

दत्ताजींना ते ऐकून बरं वाटलं की वाईट, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पेटी शिकून घ्यायची म्हणून एक खोटी सूचना भरून बघा, असं यशराज म्हणाला. “कुणाचं पण नाव टाका, नंतर हटवायचं.” कुणाचं पण! सोमवारी दुपारी दत्ताजी फॉर्म उघडून अर्धा तास बसले. जित्या माणसाचं नाव घालायचं म्हणजे त्याचं वाईट चिंतायचं. मेलेल्याचं घालायचं म्हणजे त्याला पुन्हा मारायचं. ज्याने आयुष्यभर दोन फोन केल्याशिवाय कुणाला मेलेला म्हटलं नाही, त्याने दुसऱ्याचं नाव घालावं कसं? शेवटी त्यांनी आपलंच घातलं. दत्ताजी सुर्वे. ओळखपत्रावरचा फोटो जोडला. निधन: आज. उठावना: बुधवारी दुपारी चार, राहत्या घरी. ‘शोकाकुल’ची जागा मोकळी सोडली. खाली ‘सर्व केंद्रे’ अशी चौकट होती. चारही खिडक्या असा अर्थ असेल म्हणून तिथे खूण केली, आणि बटण दाबलं. मग यशराजने शिकवल्याप्रमाणे सूचना पुसून टाकली. ‘हटा दिया गया’ असं आलं. दत्ताजी खुशीत घरी गेले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे यायचं नव्हतं.

मंगळवारी सकाळी सातला अक्काने टीव्ही लावला. दत्ताजी पाटावर बसून चहात पाव बुडवत होते. घाटाची आरती झाली, पहिली खिडकी उघडली, आणि पडद्यावर हार घातलेला दत्ताजींचा फोटो आला.

“अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है कि…” आवाज थांबला. आवंढा गिळल्याचं स्पष्ट ऐकू आलं. “…श्री दत्ताजी सुर्वे का स्वर्गवास हो गया है.”

पाव कपात विरघळून गेला. अक्काने आधी टीव्हीकडे पाहिलं, मग भावाकडे. “दत्ता, तूच बोलतोयस ना रे? मग तुझे ओठ का हलत नाहीत?”

आवाज पुढे वेळ सांगत होता, पत्ता सांगत होता, अगदी त्यांच्याच लयीत, पत्त्यातल्या ‘सामने’वर त्यांच्यासारखाच जोर देऊन. वय एकसष्ट म्हणाला. वय त्यांनी भरलं नव्हतं. मग म्हणाला, “शोकाकुल, पुत्री…” पुन्हा तो क्षणभराचा थांबा. “…माधवी.”

अकरा वर्षं जे नाव या घरात घेतलं गेलं नव्हतं, ते दत्ताजींच्या आवाजात घरभर झालं. आणि दत्ताजी तर गप्प बसले होते! अक्का उठली, टीव्हीची तार भिंतीतून उपटून काढली आणि म्हणाली, “ही अवदसा परत लावायची नाही. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, वाढू दे. पण तार माझ्यापाशी राहील.”

मग फोन सुरू झाले. उचलून “हॅलो” म्हटलं की पलीकडचा गप्प, आणि मग कट. एक मावसभाऊ तर किंचाळलाच. दहा-बारा फोनांनंतर दत्ताजींनी मोबाइल बंद करून कपाटात टाकला आणि चॅनलकडे निघाले. वाटेत दूधवाला भेटला, त्याने रतीब घालायचं सोडून सायकल आडव्या गल्लीत घातली. पानवाला धीट निघाला. “अरे दाजी भिया! हात देखाडो,” म्हणून त्याने हात धरून पाहिला, आणि सोडताना जरा घाईच केली. “ठंडा है,” म्हणाला. जानेवारीच्या सकाळी हात गार नसेल तर काय गरम असेल? पण दत्ताजींनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले ते दिवसभर काढले नाहीत.

आतल्या खोलीत कुणीच नव्हतं. पेटीसाठी एसी लावला होता, खोली थंडगार. त्यांची खुर्चीही नव्हती. बसणारच नाही कुणी, तर खुर्ची कशाला, म्हणून यशराजने ती बाहेर नेली होती. दत्ताजी उभेच राहिले. पडद्यावर पुढच्या कार्यक्रमांची यादी सरकत होती, आणि तिच्यात दर काही ओळींनी त्यांचं नाव होतं. दत्ताजी सुर्वे, तिसरा. दत्ताजी सुर्वे, दहावा. तेरावा. महिना. सर्वांत खाली, पुढल्या जानेवारीत, दत्ताजी सुर्वे, प्रथम वर्षश्राद्ध, सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. इतक्या पुढचं तर या माणसाने जिवंतपणी कधी ठरवलं नव्हतं. ते ओळ निवडायचे, पुसायचे. ‘हटा दिया गया’ यायचं. हिरवा दिवा चार वेळा लुकलुकायचा, आणि ओळ परत जागेवर हजर.

यशराज धापा टाकत आला. खरं म्हणजे तोही घाबरला होता. त्याने बोलण्याआधी दत्ताजींच्या पायाकडे पाहिलं. मग सगळं उलगडून सांगितलं. पुसलं ते फक्त इथल्या पडद्यावरून. सूचना तर बटण दाबल्याबरोबर कंपनीच्या मोठ्या मशीनमध्ये गेली, तिथे कार्यक्रमात शिवली गेली, आणि आता रोज तिथूनच येते. वय नोकरीच्या कागदांतून घेतलं. शोकाकुलची जागा मोकळी दिसली, तर काकूंच्या जुन्या सूचनेतून नाव उचललं. “कंपनीला लिहिलंय काका. बहात्तर तासांत बघतो म्हणाले. तोपर्यंत मी आजच शुद्धिपत्र लावतो, संध्याकाळी सहाला, ‘दत्ताजी सुर्वे सुखरूप आहेत.’ देवासची एक खिडकी माझ्या हातात आहे. आणि धारच्या चॅनलला पण पाठवतो.”

“धारला?” दत्ताजी म्हणाले.

“हो ना. तुम्ही ‘सर्व केंद्रे’वर खूण केली. सगळीकडे चाललंय, धारला पण. सकाळी सातला.”

दत्ताजींनी बसायला मागे हात नेला, पण खुर्ची नव्हती. धारला माधवी आहे. तिची सासू निसरपूरची, घर-दार-देऊळ पाण्यात गेलेली बाई. नर्मदेचे घाट दिसतात म्हणून ती हा कार्यक्रम एक दिवस चुकवत नाही, असं अक्काच्या कानावर आलं होतं. म्हणजे माधवीने पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, ऐकलं.

“धारला नको पाठवूस,” दत्ताजी म्हणाले.

“मतलब?”

“देवासला लाव. धारला बुधवार उलटल्यावर.”

यशराज म्हणाला, “काका, हे पाप आहे.” दत्ताजी म्हणाले, “माहीत आहे.” आणि घरी आले.

माहीत होतं हो! सगळं माहीत होतं. ज्या माणसाने दोन फोनांशिवाय कुणाला मारलं नाही, तो आता एक फोन करत नव्हता. एक फोन, आणि लेकीच्या घरचं रडं थांबलं असतं. पण तो केला असता तर बुधवारी चारला फाटक वाजलंच नसतं, आणि ती आली असती की नाही हे जन्मभर कळलं नसतं. लोभ वाईट. पैशाचा असता तर लाज तरी वाटली असती.

अक्काने तोंडाला येईल ते ऐकवलं. “मेल्या, स्वतःच्या मरणाचं आमंत्रण पाठवतोस? मी पांढरं नेसणार नाही. खोटं बोलणार नाही. तिने विचारलं तर सांगेन.”

“आणि नाही विचारलं तर?”

अक्का वाती वळायला बसली. तिलाही धारची यायला हवीच होती. “नाही विचारलं तर आपणहून तोंड उघडणार नाही,” म्हणाली.

संध्याकाळी शुद्धिपत्र लागलं. पण त्याच्या आधीच्या खिडकीत निधन, नंतरच्या खिडकीत पुन्हा निधन. बुधवारी सकाळीही तेच. गाव पुरतं गोंधळलं. सुखरूप असल्याचं सांगणारा आवाज तोच, गेल्याचं सांगणारा आवाज तोच. खरं कुठलं मानायचं? समोरची शेजारीण भिंतीवरून डोकावून गेली, आणि दत्ताजींनी हात हलवला तर न बघितल्यासारखं करून आत पळाली. दत्ताजी न्हाणीघराच्या आरशात दाढी करायला उभे राहिले आणि सहज म्हणून आपलं नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. नावाआधी तो थांबा आलाच. आपल्याला ही सवय होती म्हणून पेटीने उचलली, की आता पेटीकडून आपण उचलतोय, हे ठरवता येईना. त्यांनी दाढी अर्धवट सोडली.

चार वाजायला आले. फाटकाशी पहिला आला तो लोहारदा गावचा तुकाराम, मंडीतला जुना ओळखीचा, हातात शेवंतीचा हार. दत्ताजी अंगणातच उभे होते. तुकारामाने त्यांच्याकडे पाहिलं, अर्ध्या दाढीकडे पाहिलं, हार फाटकावर अडकवला आणि उलट्या पावली निघून गेला. दत्ताजी “अहो, अहो” म्हणत राहिले. मग ते आतल्या दाराच्या मागे जाऊन उभे राहिले. दाराला बोटभर फट होती.

साडेचारला रिक्षा थांबली. माधवी उतरली.

केसांत पांढरं दिसू लागलं होतं. तोंड सुजलेलं. हातात स्टीलचा डबा. आधी तिने फाटकावरचा हार पाहिला, मग अक्काला, आणि अक्काच्या गळ्यात पडली. “गेले का गं अक्का” असं काही ती बोलली नाही. असं कोण विचारतं? अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते मात्र खरं होतं. दाराआड दत्ताजींनी तोंडावर हात दाबून धरला. आली. माझी लेक आली.

तेवढं पाहून बाहेर यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण आता बाहेर जाऊन म्हणायचं तरी काय? जिवंत आहे, तुला बघायचं होतं म्हणून रडवलं?

माधवीने डबा उघडला. दहीभात होता. सुर्व्यांकडे दहाव्याची वाट बघत नाहीत. तिसऱ्या दिवशीच जवळच्या माणसाने अंगणाच्या भिंतीवर पानात दहीभात ठेवायचा आणि कावळा शिवायची वाट बघायची. नाही शिवला तर गेलेल्याचं काहीतरी मनात राहिलं म्हणायचं, आणि ते काय असेल ते एकेक बोलून वचन द्यायचं. इंदूच्या वेळी हा घास माधवीनेच ठेवला होता. आता तिने केळीच्या पानाचा तुकडा काढला, भात वाढला, पाणी फिरवलं आणि दोन पावलं मागे सरली. अक्का भिंतीला धरून उभी राहिली. तिचे ओठ पुटपुटत होते, देवाची क्षमा मागत असावी.

समोरच्या गच्चीवर तीन कावळे बसले होते. एकही हलेना. भाताकडे बघत नव्हते, दाराच्या फटीकडे बघत होते, असं दत्ताजींना वाटलं.

“आबा,” माधवी म्हणाली, “अक्काला मी धारला नेते. एकटी नाही ठेवणार तिला.”

कावळे बसून राहिले.

“तुमच्या नातीला, चिऊला, मराठी शिकवते. तिला वाचता येत नाही, बोलते तेही अर्धं हिंदी. शिकवते, नक्की.”

एक कावळा उडाला, तो उलट दिशेला गेला. माधवीने डोळे पुसले. “माझ्यावरचा राग राहिलाय का? मी नाही हो रागावलेली. खोटं कशाला बोलू, होते. काल सकाळपर्यंत होते. सासूबाई टीव्ही बघत होत्या, मी पोळ्या लाटत होते, आणि तुम्ही माझं नाव घेतलंत. अकरा वर्षांनी. तुम्ही गेलात हे मला नंतर कळलं आबा, आधी माझं नाव ऐकू आलं. मग संध्याकाळी परत टीव्हीपुढे बसले, आज सकाळी परत बसले. बापाच्या मरणाची बातमी पुन्हा पुन्हा ऐकायला बसणारी लेक पाहिली आहे कुणी? पण तुम्ही नावाआधी थांबता ना, ते ऐकायला बसले. मला तेवढं पुरे झालं. आता तुमचं काय राहिलंय? सांगा ना! मी काय म्हणू म्हणजे कावळा शिवेल?”

दत्ताजींना वाटलं, भुईने पोटात घ्यावं. लेक ज्या आवाजाला क्षमा करत होती, तो त्यांचा नव्हताच. चौदा वर्षांपूर्वीच्या दुःखातून एका पेटीने ते नाव खणून काढलं होतं. त्यांनी स्वतः घेतलंच नव्हतं, एकदाही नाही. मेल्यावर घेतलं असंही म्हणायची सोय नव्हती. ते तर दारामागे धडधाकट उभे होते.

माधवी डोळे मिटून हात जोडून उभी होती. कावळे बसले होते. दत्ताजींनी तोंड उघडलं. घशात आवंढा आला, तो गिळला.

“…माधवी.”

माधवीने मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही कानांवर हात ठेवले आणि हलक्या आवाजात म्हणाली, “अक्का, तो टीव्ही बंद कर गं. आता नाही ऐकवत.”

अक्काने पदराने डोळे पुसले. भावाला दिलेला शब्द तिने पाळला होता, पण आता तिला विचारलं गेलं होतं.

“टीव्ही कालपासून बंद आहे, पोरी. तार माझ्या कमरेला आहे.”

माधवीने कानांवरचे हात काढले आणि दाराकडे वळली.